अडीच मिलिग्रॅम

रात्री साडेनवाला शेजारचे माग बंद पडले की
मी गोळी घेतो.
पिवळी, मसुरीच्या डाळीहून थोडी मोठी.
जिभेवर चव न्हाई, पोटात आवाज न्हाई.
पट्टीमागं बॉलपेननं वार लिहून ठेवलेत.
एका सोमवारी दोन घेतल्या का एकपण न्हाई
आठवंना, तेव्हापास्नं.

संगोळ्ळी डॉक्टरीणबाईंनी समजावलं
अर्धं कानडीत, अर्धं मराठीत:
पाळी जाऊन आठ वर्षं झाली खरं
अंग अजून चोरून करतंय थोडं थोडं,
चरबीत, कातडीखाली, तो बाईपणाचा रस.
गाठीला तेवढं पुरतंय.
तेवढंच बंद करायचं.
"ऐदु वर्ष," म्हणाल्या, पाच बोटं दाखवली.
त्यांची बोटं सरळ उभी राहतात.

माझी सकाळी राहत न्हाईत.
मूठ उघडायची म्हणजे
बंद घराची गंजलेली कडी काढायची.
गरम पाण्याचा तांब्या धरून बसतो,
मग अंगठा येतो, मग करंगळी,
मधलं बोट सगळ्यात शेवटी, कट्ट करून.
पस्तीस वर्षं कांड्या भरल्या ह्या हातांनी,
लाईट गेल्यावर अंधारात रेशमाचा तुटका ताणा जोडला.
आता गाठ बसायच्या आधी
दोनदा दोरा निसटतो
आणि ह्यांना वाटतं मी मुद्दाम सावकाश करायलोय.
वाटू दे.

माघात वडगावात धुकं एवढं
की गल्लीच्या तोंडाची चक्की दिसत न्हाई,
आणि मी स्वेटर फेकून दारात.
मानेपास्नं वर वाफ, कानाच्या पाळ्या लाल,
पोलक्याची पाठ ओली.
निंगव्वा झाडता झाडता थांबते:
"मात्रे तगोंड्येनव्वा?"
कानडीत गोळीला मात्रे म्हणतात.
आपल्यात मात्रा सहाणेवर उगाळतात,
लागू पडली तर पडली.
"हूं, तगोंडे," मी म्हणतो,
आणि ती काही न बोलता
माझ्या दारापुढचंपण झाडून जाते.

दुपारी पुण्यास्नं रेश्माचा फोन.
"आई, आता तरी 'घेते' म्हण गं.
मी घेतो, मी येतो... पोरं हसतात आजीला."
इकडं सगळ्या बायका अशाच बोलतात.
माझी आई, तिची सासू, भाजीवाली तानाक्का,
कुणी क्रियापदाला कधी बांगड्या भरल्या न्हाईत.
खरं त्या दिवशी मला हसू आलं न्हाई.
फोन ठेवला, आरशापुढं उभी राह्यलो.
डावीकडं सपाट, उजवीकडं सवय.
केस विरळ, ओठावर लव.
रस बंद, पाळी बंद, कांड्या बंद पडायला आल्यात,
मग बाई म्हणायचं ते नेमकं कुठं ऱ्हातंय?
आरसा कपाटाचा, जुना.
पारा उडालेल्या जागी मी दिसतच नव्हतो.

मार्चमध्ये हाडांचं मशीन झालं.
"पोकळ व्हायलीत. पडू नका," बाई म्हणाल्या.
म्हटलं, पडायला वेळ कुठं हाय?
त्या हसल्या, मग हसू पुसून कॅल्शियम लिहिलं.
खडे बाजारचा औषधवाला
कानडी पाटीखाली बसून मराठीत हिशोब करतो.
"मावशी, तीन महिन्यांच्या एकदम न्या,
स्वस्त पडतील."
पट्ट्या रबरानं बांधून त्यानं पुढं सरकवल्या.
नव्वद रात्री, माझ्या नावाच्या,
एका कागदी पिशवीत.
ऑपरेशनपास्नं एवढं पुढचं
कुणी मोजून दिलं नव्हतं.

सुटे पैसे घ्यायला बोटं जुळंनात.
त्यानं थांबून एकेक नाणं तळव्यावर ठेवलं.
पायरी उतरताना कठडा धरला,
मधलं बोट कट्ट वाजलं,
आणि सवयीनं तोंडातनं गेलं,
"येतो."

"या," तो म्हणाला.